ठीक असेल तर एक दाबा

मंगळवारी सकाळी अकराच्या ठोक्याला, पेणच्या गणपतीच्या कारखान्यांच्या आळीत, वत्सलाला स्वतःचाच आवाज ऐकू आला. पोस्टातून घरी चालली होती. मार्चचं ऊन डोक्यावर आलं म्हणून एका कारखान्याच्या पत्र्याखाली घटकाभर टेकली होती, एवढंच. आत शंभरेक मूर्ती रांगेत बसलेल्या, अजून पांढऱ्याफटक, डोळे न उघडलेल्या, आणि त्यांच्या मधून कुठून तरी ती स्वतः बोलली. "नमस्कार ताई. घरी सगळं ठीक आहे ना? ठीक असेल तर एक दाबा. काही त्रास असेल तर दोन दाबा." त्याच क्षणी तिच्या पर्समधला फोनही थरथरायला लागला, कारण चाचणीसाठी म्हणून तिने गरोदर बायकांच्या यादीत स्वतःचा नंबर घातला होता आणि तो काढायचा दोन वर्षं राहूनच गेला होता. दर मंगळवारी अकरा वाजता तिचा रेकॉर्ड केलेला आवाज तिला विचारायचा, घरी सगळं ठीक आहे ना, आणि ती मुकाट्याने एक दाबायची. पण आज तिच्या देखत दुसराच कोणी दाबत होता. मनगटापर्यंत प्लास्टरने माखलेला एक तिशीचा माणूस स्टुलापाशी आला, वाकला, करंगळीच्या पेराने, उचलून स्पीकरवर ठेवलेल्या बटणांच्या फोनवर एक दाबून मोकळा झाला आणि परत साच्याकडे वळला. पुढचं ऐकायलाही थांबला नाही.

तिने त्याला ओळखलं. प्रविण, धरमतरच्या खाडीकडच्या गावातला, पुतळीचा नवरा. पुतळी तिच्या यादीतली. पहिलटकरीण, जानेवारीत तपासली तेव्हा सातवा लागत होता, रक्तदाब काठावरचा आणि पायांवर किंचित सूज. तेव्हा वत्सलाने दर आठवड्याला तपासायचं म्हणून तिच्या नावापुढे खूण केली होती. मग लागोपाठ हिरवे ठिपके येत गेले, एक दाबलं की ऑफिसच्या पडद्यावर उमटणारे. ठीक, ठीक, ठीक. आणि हिरव्याकडे जायचं नाही हा त्यांच्या कामाचा नियमच होता. लाल ठिपका आला तर जायचं, फोन उचललाच नाही तर जायचं. चार बायकांनी अख्खा तालुका पालथा घालायचा तर असं काहीतरी ठरवावंच लागतं.

पुतळी कुठे आहे, असं तिने विचारलं तेव्हा प्रविण जरा गोंधळला. बाई असं का विचारतायत हेच त्याला कळेना. माहेरी, तो म्हणाला. सातव्यात ओटी भरली आणि नेली तिच्या आईने, रोह्याकडे. दीड महिना झाला की. मग फोनवर एक कोण दाबतं, असं वत्सलाने विचारलं. तिचा आवाज चढला नव्हता. कधी मी दाबतो, कधी आई दाबते, तो म्हणाला, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हात पंच्याला पुसले.

"मॅडम, तुमी इचारता घरी सगलं ठीक हाय का. आमच्या घरी ठीकच हाय. मी खोटं कशाला दाबू?"

तो खोटं बोलत नव्हता. हेच तर वाईट होतं. तिने माहेरच्या गावाचं नाव आणि पुतळीच्या बापाचा, हिरामणचा, नंबर मागून घेतला आणि तिथेच उभ्याने तीनदा लावला. तिन्ही वेळा वाजून वाजून थांबला. मिठागरावर असतील, फोन घरीच टांगलेला असतो, प्रविण म्हणाला. रविवारी बोलणं झालं तेव्हा बरी होती, जरा डोकं दुखतं म्हणाली. जरा डोकं दुखतं. बत्तीस वर्षं सरकारी नर्सच्या नोकरीत बायकांचे दंड आवळून पारा बघण्यात गेलेल्या वत्सलाला या तीन शब्दांपुढे काही ऐकायचं नव्हतं. रक्तदाबाचं लहान यंत्र पर्समध्ये असायचंच. ती तशीच रिक्षा करून स्टेशनवर गेली.

रोह्याला जाणारी मेमू नेहमीप्रमाणे उशिरा आली आणि डब्यात मोजून सहा माणसं. खिडकीशी बसल्यावर तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. वाटेत आणखी दोनदा फोन लावला. मग ऑफिसात पडदा सांभाळणाऱ्या ऋतुजाला फोन करून म्हणाली, पुतळीचे ठिपके बघून सांग. ऋतुजा उत्साहाने म्हणाली, मॅडम, आपली सगळ्यांत नियमित केस आहे, एकही मंगळवार चुकला नाही. मॉरीनबाईंनी मागच्या मीटिंगला मुद्दाम हिचंच उदाहरण दिलं होतं. वत्सलाने बरं म्हणून फोन ठेवला. मॉरीन म्हणजे तिकडे आयर्लंडात, समुद्रकाठच्या एका लहानशा गावातली निवृत्त सुईण. त्या गावच्या बायकांनी पेण तालुक्याशी नातं जोडलं होतं. केक विकून, मफलर विणून त्यांनी हे फोन, ही यंत्रं, हा सगळा डोलारा उभा केला होता. दरवर्षी पेटीभर लोकरीची टोपडी यायची. कोकणच्या उकाड्यात लोकर, म्हणून वत्सला पहिल्यांदा हसली होती, पण खाडीवरच्या म्हाताऱ्यांनी ती टोपडी हातोहात नेली. फॉरेनची म्हणून नव्हे, उबदार म्हणून. मॉरीन दोनदा येऊनही गेली. उंच, लाल गालांची, गुडघे दुखणारी बाई. बोटीत बसून खाडीपलीकडे आली, बाळंतिणीच्या शेजारी जमिनीवर बसली, आणि निघताना पेणला वत्सलाच्या स्वयंपाकघरात बसून तिने सरळ विचारलं होतं : तुमच्या बायकांच्या आयुष्यातलं असं काही आहे का, जे आमच्या या फॉर्मात बसत नाही? वत्सला तेव्हा चहा गाळत होती. इंग्रजीत जुळवाजुळव करायचा कंटाळा आला होता, आणि खरं सांगायचं तर जरा तोराही होता, की फॉर्म मी मराठीत आणलाय, माझ्या हातून काय सुटणार. काही नाही, ती म्हणाली होती. सगळं बसतं.

फॉर्मात पत्ता एकच होता. फोन एकच. तिकडच्या बायकांना सातव्या महिन्यात कोणी ओटी भरून उचलून नेत नाही, त्या आपापल्या घरी राहतात, आपला फोन आपणच उचलतात. त्यांना हे सुचणार कसं? सुचायला हवं होतं ते वत्सलाला. कासू गेलं. फलाटावर कोणी चढलं नाही, कोणी उतरलं नाही. तिला तिचा स्वतःचा सातवा महिना आठवला, छत्तीस वर्षांपूर्वीचा. ओटीत नारळ घेऊन ती याच रुळांवरच्या गाडीतून रोह्याला आईकडे गेली होती. नवरा, गोपाळ, शाळेतला मास्तर. दर रविवारी येऊन तासभर ओसरीवर बसायचा आणि जाताना उगाचच चपला दोनदा घालायचा, काढायचा. त्या दोन-तीन महिन्यांत पेणच्या घरी जाऊन कोणी विचारलं असतं, घरी सगळं ठीक आहे ना, तर सासूने काय सांगितलं असतं? ठीकच. आणि रोह्याला वत्सला पलंगावर उताणी पडून छताचे वासे मोजत होती. आईला हाक मारावी की थांबावं, हे तिला ठरवता येत नव्हतं. आईच उठून आली. न बोलावता आली आणि पायावरून हात फिरवत बसली. तो हात तिला अजून सांगता येईल, त्याचा खरखरीतपणा, त्याला येणारा हळदीचा वास. मग सुश्रुत झाला. तोही आता बंगळुरात, रविवारी फोन करतो. आई, सगळं ठीक ना, असं विचारतो, आणि ती ठीक म्हणते. चार वर्षांपूर्वी गोपाळ गेला त्यानंतरच्या पहिल्या रविवारीही ती ठीकच म्हणाली होती. आणखी काय म्हणायचं असतं? तिकडे त्याचं काम, मुलीची शाळा. ठीक म्हटलं की तोही सुटतो, आपणही सुटतो.

तो प्रश्न तिचाच होता, हे तिला आता बोचायला लागलं. मॉरीनने लिहिलं होतं : तू बरी आहेस ना? वत्सलाने तो बदलला. आपल्याकडे बाईला असं तोंडावर तिच्याबद्दल विचारत नाहीत, बाई लाजते, घरच्यांनाही ते बरं वाटत नाही. आपल्याकडे घरचं विचारतात. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी पंख्याचा आवाज नको म्हणून कपाटाचं दार उघडून, गोपाळच्या टांगलेल्या कोटांमध्ये तोंड घालून तिने ते वाक्य अकरा वेळा म्हटलं होतं. बाराव्यांदा आवाज हवा तसा मायाळू लागला. तो मायाळू आवाज दीड महिना एका बिनडोळ्यांच्या मूर्तींच्या खोलीत वाजत राहिला होता. नागोठणं आलं, कारखान्याच्या चिमण्या मागे पडल्या. पुतळी गेली असली तर, हा विचार तिने इतका वेळ दाराबाहेर उभा केला होता, तो आत आला. गेली असली तर ठिपका हिरवाच राहील. आज अकरा वाजताचा हिरवा.

रोह्याला ती नऊ वर्षांनी उतरत होती. भावाने, दिनानाथने, घर विकून ठाण्याला बिऱ्हाड हलवलं, त्यानंतर इथे उतरायला कारण उरलं नव्हतं. रिक्षा त्याच वाटेने निघाली, आणि आईच्या घराच्या जागी एक चार मजली इमारत आणि खाली औषधांचं दुकान, एवढं तिला ओझरतं दिसलं. तिने मान वळवून पाहिलं नाही. नदी ओलांडून रिक्षा खाडीच्या अंगाला लागली, दुतर्फा शेतं संपली, मिठाचे पांढरे ढीग दिसायला लागले. गाव लहान होतं. हिरामणचं घर विचारल्यावर तीन बायकांनी एकदम हात केला.

पुतळीची आई ठमाबाई मिठागरावरून नुकतीच येऊन दारातच सुकटी निवडत होती. काटक, काळीसावळी, नाकात मोठी नथनी. पेणच्या दवाखान्याची बाई एवढ्या उन्हात आली म्हटल्यावर तिने आधी पाणी आणलं, मग मोठ्या कौतुकाने आत हाक दिली. लेक आली तेव्हा काडी होती, ती वत्सलाला सांगायला लागली, सासरी काय खायला मिळालं नसंल, आता बघा कशी अंगावर आलीय, माहेरचं अन्न लागलं पोरीला. पुतळी भिंत धरून बाहेर आली. वत्सलाने तिचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ते अंगावर येणं नव्हतं. डोळे मिटायला आलेले, ओठ जाड, ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतून बसलेल्या. डोकं दुखतं का गं? व्हय. डोळ्यांपुढे काजवे? कालपासून. पोटात वर दुखतं? पुतळीने आईकडे पाहिलं आणि मान हलवली. दंडाला पट्टा बांधून वत्सला आकड्यांकडे बघत राहिली. एकशे बहात्तर, एकशे बारा. तिने पुन्हा एकदा मोजला, आकडा तोच राहिला.

पुढचं सगळं तिच्या हातांनी केलं. डोकं कुठे तरी मागे राहून बघत होतं. एकशे आठला फोन, रोह्याच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या सिस्टरला फोन, पुतळीला डाव्या कुशीवर निजवणं, घरातला गलका बंद करणं. गाडी यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढ्यात ठमाबाईला हळूहळू कळत गेलं, आणि ती रडली नाही, ओरडली नाही, नुसती लेकीच्या पायाशी बसून सुजलेल्या पोटऱ्यांवर अंगठा दाबून बघत राहिली. खड्डा पडत होता आणि भरत नव्हता. इथली आशाताई, गावची आरोग्य कार्यकर्ती, येऊन गेली होती, ठमाबाई सांगत होती; पेणला नाव लावलंय म्हटल्यावर ती म्हणाली, मग तिकडचीच बाय बघंल. पेणची बाई म्हणजे वत्सला. गाडीत बसल्यावर, सुईतून औषध चालू झालं आणि पुतळीचे हात जरा सैल पडले तेव्हा, ठमाबाईने पहिल्यांदा वत्सलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"जावय सांगत व्हता, तुमचा फोन दर मंगलवारी येतो म्हून. मंग तुमी इचारलात तरी कुनाला?"

रागावून म्हणाली असती तर परवडलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. चूक माझी आहे, एवढं वत्सला म्हणाली, आणि गाडीच्या आवाजात ते ठमाबाईला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

रोह्याहून अलिबागला. तिथे ऑपरेशनआधी बांगड्या काढायच्या होत्या. सिस्टरने कात्री घेतली तशी ठमाबाई आडवी आली. चुडा वाढवायचा नाय, लेकीचा नवरा जिता हाय. कोणी काही बोलायच्या आत वत्सलाने साबणाचं पाणी मागवलं आणि खाली बसून, एक एक करत, सुजलेल्या हातावरून बाराही बांगड्या सोडवल्या. संध्याकाळी मुलगी झाली, पावणेदोन किलोची, सरळ काचेच्या पेटीत. पुतळीला दोन दिवस काही खरं नव्हतं. वत्सला ते दोन्ही दिवस बाकावर होती. प्रविण आला, प्लास्टर तसंच नखांत घेऊन, आणि तिच्यापासून जरा दूर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पुतळीने चहा मागितला. डॉक्टर म्हणाले, आता भीती नाही. एक दिवस उशीर झाला असता तर मला सांगता आलं नसतं. ठमाबाईने ते ऐकलं आणि तिच्या पिशवीतला भाकरीचा अर्धा तुकडा, बोंबलाची चटणी लावून, न विचारता वत्सलाच्या हातात ठेवला. वत्सलाने आयुष्यात बोंबील खाल्ला नव्हता. तिने तो पुरता संपवला.

पेणला परतून तिने मॉरीनला ईमेलवर पत्र लिहिलं. पहिल्यांदाच इंग्रजी नीट करत बसली नाही. लिहिलं की सहा हिरवे ठिपके खोटे नव्हते, फक्त ते पुतळीचे नव्हते. यादीतल्या किती बायका आत्ता माहेरी आहेत मला माहीत नाही. तू मला विचारलं होतंस आणि मी काही नाही म्हणाले. मॉरीनचं उत्तर लहान आलं : मीही एकदाच विचारलं, दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं, आता काय बदलायचं ते तू सांग, आम्ही तसं करू. मग चार दिवस वत्सला आणि तिच्या तिघी बाया दारोदार फिरल्या. एकोणीस पोटुशा बायका माहेरी सापडल्या; फॉर्मात दुसरा पत्ता आला, आईचा नंबर आला. दोघींना डॉक्टरकडे न्यावं लागलं. सोमवारी वत्सला पुन्हा कपाटात तोंड घालून उभी राहिली. कोटांना आता गोपाळचा वास राहिला नव्हता, नुसता डांबराच्या गोळ्यांचा. तू बरी आहेस ना, ती म्हणाली. आत्ता कुठे आहेस? एकदाच म्हटलं आणि तेच ठेवलं; पुढे कुठे ते बोलायला जागा सोडली, आणि एक दाबा, दोन दाबा जुनंच राहू दिलं. पुतळी अजून बाळापाशी अलिबागलाच होती, सोबत प्रविणची आई. ती तिथून माहेरीच जाणार होती, म्हणून तिच्या नावापुढे वत्सलाने हिरामणच्या घरचा नंबर स्वतःच्या हाताने घातला.

मंगळवारी ती घरीच होती. समोरच्या फ्लॅटला गेली तीन वर्षं कुलूप, खाली कुणाचा तरी मिक्सर चालू, ओट्यावर एका माणसाचा भात. अकरा वाजता फोन वाजला. "तू बरी आहेस ना? आत्ता कुठे आहेस?" तिने ऐकून घेतलं, अर्धवट, आणि सवयीने बोट पुढे गेलं. एक. मग कुकरची शिट्टी काढून ती भात चिवडत बसली. स्वतःचा नंबर आज तरी काढून टाकावा, असं वाटलं; पण काढला तर मंगळवारी अकरा वाजता कोणाचाच फोन येणार नाही, हेही लगेच वाटलं, आणि हे वाटल्याची तिला लाज वाटली. एकसष्टाव्या वर्षी माणसाने एवढं पोरकं असू नये.

दहा मिनिटांनी फोन पुन्हा वाजला. हिरामणचा नंबर. काही झालं की काय म्हणून तिने तो पहिल्याच रिंगला उचलला. पण ठमाबाईचा आवाज ठणठणीत होता, फक्त जरा रुसलेला. पुतळी बरी हाय, पोर दूध वडते, ती म्हणाली. पण मघाशी तू फोन केलास, कशी हायस म्हणून इचारलंस, मी सगला सांगितला, घरचा, मिठाचा, पोरीचा, आणि मंग तुला इचारला तर तू काय बोललीसच नाय. तीनदा इचारला. तू आपली एक दाबा, एक दाबा. वत्सलाला हसू आलं. ती मशीन असते हो, माझा नुसता आवाज भरलेला असतो, ती समजावायला लागली. पलीकडून ठमाबाईने ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आसंल मशीन," ठमाबाई म्हणाली. "पन आवाज तुझाच व्हता ना? मना तो बरा नाय वाटला, म्हून केला. तू बरी हायस ना गो?"

खाली मिक्सर थांबला. वत्सला फोन कानाला धरून ओट्याशी उभी होती. तिचं बोट आपोआप फोनवर एक शोधायला गेलं आणि तसंच थांबलं. पलीकडे ठमाबाई वाट बघत होती. तिला कसलीच घाई नव्हती, मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"नाय," वत्सला म्हणाली.